झ्वॉती म्हणजे ‘सोन्याचा’, मग नाणं चांदीचं कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या आजोबांचं कोल्हापूरजवळ वळिवड्याला किराणा दुकान होतं. दुसऱ्या महायुद्धात तिथं पोलिश निर्वासितांची छावणी होती आणि छावणीतल्या एक बाई दुकानाच्या नेहमीच्या गिऱ्हाईक होत्या. जाताना त्यांनी आजोबांना दोन नाणी दिली, ती आता ट्रंकेत सापडली. एक पांढरं, त्यावर जाड मिशांच्या माणसाचा चेहरा, पाठीमागे गरुड, ५ हा आकडा आणि १९३४ साल. दुसरं लहान, करडं, त्यावर २० आणि १९२३. मोठ्या नाण्यावरचा शब्द, म्हणजे झ्वॉती हे पोलंडच्या चलनाचं नाव, तुम्ही इंटरनेटवर शोधलात, तर अर्थ निघाला ‘सोन्याचा’. सोनारानं मात्र सांगितलं की ही चांदी आहे, आणि तीही रुपयात बारा आणे. मग नाणं खोटं की नाव खोटं, आणि ठेवावं की विकावं, असं तुम्ही विचारलंय.

मी परकी नाणी पारखतो, घेतो आणि विकतो. युरोपातली नाणी घेऊन येणाऱ्यांत हा गोंधळ नेहमीचा आहे. तुमचा सोनार बरोबर आहे, इंटरनेटही बरोबर आहे आणि वर्णनावरून नाणंही बरोबर वाटतंय. या नावात धातूची हमी कधी नव्हतीच. ते एका हिशेबाचं नाव आहे. सोन्याचं विशेषण हिशेबाला कसं चिकटलं आणि सोनं गेल्यावर पाचशे वर्षं कसं टिकलं, हा खरा प्रश्न आहे. तो सुटला की तुमच्या नाण्यातली चांदी बारा आणेच का, हेही कळतं.

उच्चाराचं आधी उरकून घेऊ. रोमन लिपीत हा शब्द लिहिताना त्यातल्या ‘एल’वर एक तिरकी रेघ असते. त्या रेघेमुळे पोलिशमध्ये ‘ल’चा ‘व’ होतो. म्हणून ‘झ्लोटी’ नाही, झ्वॉती. झ ‘झाडा’तला, त ‘ताटा’तला. मराठीत झ्लॉटी, झुवॉटी असं काय काय छापून येतं, त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. शंभर ग्रोशांचा एक झ्वॉती होतो. तुमचं लहान नाणं वीस ग्रोशांचं.

आता मुळाकडे. मध्ययुगात पोलंडमध्ये सोन्याचं नाणं जवळजवळ पाडलंच जात नसे. सगळा व्यवहार चांदीत. मोठ्या रकमा ‘ग्झिव्ना’ नावाच्या वजनी मापात मोजत. क्राकूव शहराची ग्झिव्ना म्हणजे साधारण १९७ ग्रॅम चांदी. हातात खेळायचं नाणं म्हणजे ग्रोश. बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक प्रदेशाचा, राजा वात्स्लाव दुसरा यानं १३०० साली कुत्ना होरा इथं हे जाडजूड नाणं सुरू केलं, आणि त्याच वर्षी तो पोलंडचाही राजा झाला. ‘ग्रोश’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘जाड’ या अर्थाच्या शब्दावरून आला. आधीची पातळ, पापुद्र्यासारखी चांदीची नाणी हाताळलेल्या लोकांना ते नाणं खरोखर जाड वाटलं असणार. पुढे काझिमिएश या राजानं क्राकूवचा स्वतःचा ग्रोश पाडला. सोन्याचं म्हणाल, तर व्वादिस्वाफ वोकिएतेक या राजानं चौदाव्या शतकात एक नाणं काढलं होतं. त्याचा आज एकच नग माहीत आहे, यावरून ते बाजारात किती फिरलं असेल याचा अंदाज करा.

बाजारात फिरायचं ते बाहेरचं सोनं. फ्लोरेन्सनं १२५२ पासून फ्लोरिन पाडला, व्हेनिसनं १२८४ पासून डुकाट, आणि त्याच मापाची नाणी पुढे हंगेरीतून आली. प्रत्येकात साडेतीन ग्रॅमच्या आसपास जवळपास शुद्ध सोनं. व्यापाऱ्यांच्या थैल्यांतून ही नाणी क्राकूवपर्यंत येत. टाकसाळ कुठली, राजा कुठला, याच्याशी पेठेतल्या माणसाला देणंघेणं नव्हतं. तो म्हणे ‘झ्वॉती’. म्हणजे सोन्याचा, आणि पुढचा ‘फ्लोरिन’ गृहीत धरलेला. हाच प्रकार शेजारीपाजारीही झाला. जर्मन भाषेत गुल्डेन म्हणजेही सोन्याचा. हंगेरीचं फोरिंट हे तर फ्लोरेन्सच्या नाण्याचंच नाव.

हा शब्द मुळात विशेषण आहे, याचा पुरावा तुमच्याच नाण्यावर आहे. पोलिशमध्ये एक असेल तर झ्वॉती, दोन-तीन-चार असतील तर झ्वॉते, आणि पाच झाले की झ्वॉतिख. तुमच्या नाण्यावर शब्दाच्या शेवटी ‘सी’ आणि ‘एच’ दिसतात, ते या झ्वॉतिखचे. त्याचा शब्दशः अर्थ ‘पाच सोन्याचे’. ज्या नामाला तो शब्द लागत होता ते केव्हाच गळून पडलं, पण तो अजून विशेषणासारखाच चालतो. त्यामुळे अशी नाणी नोंदवहीत चढवताना लोक घोळ करतात. ‘झ्वॉते’ आणि ‘झ्वॉतिख’ ही दोन वेगळी चलनं समजून वेगवेगळ्या पाकिटांत ठेवलेले संग्रह मी पाहिले आहेत.

इथवर नाव आणि सोनं एकत्र आहेत. फाटाफूट पुढे झाली. चांदीचा ग्रोश हळूहळू हिणकस होत गेला, त्यात तांबं वाढत गेलं. सोन्याचं नाणं मात्र तसंच राहिलं. मग एका सोन्याच्या नाण्यासाठी जास्त जास्त ग्रोश मोजावे लागू लागले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हा भाव तीस ग्रोशांच्या आसपास आला होता. १४९६ साली पिओत्रकूव इथं भरलेल्या सेयमनं, म्हणजे पोलंडच्या संसदेनं, तोच अधिकृत करून टाकला. एक झ्वॉती म्हणजे ३० ग्रोश.

बाजार काही संसदेचं ऐकत बसला नाही. १५२८ च्या सुमाराला त्याच सोन्याच्या नाण्याला ४५ ग्रोश पडू लागले. आता पंचाईत झाली. करार, कर, दंड, हुंडा, कर्ज, सगळं ‘अमुक झ्वॉती’ असं लिहिलेलं, आणि लिहिताना दोन्ही बाजूंच्या मनात तीस ग्रोशच होते. कर्जदारानं तीस द्यायचे की पंचेचाळीस? व्यवहारानं यातून सरळ वाट काढली. एका शब्दाचे दोन केले. ‘झ्वॉती पोल्स्की’, पोलिश झ्वॉती, म्हणजे फक्त तीस ग्रोशांची मोजणी. त्या नावाचं नाणं कुठंच नव्हतं, ते वहीत राहायचं. खऱ्या सोन्याच्या नाण्याला, म्हणजे डुकाटाला, म्हणायचं ‘चेर्वोनी झ्वॉती’, तांबडा झ्वॉती. चोख सोन्याच्या रंगावरून ते नाव पडलं. १६५० च्या सुमाराला एका तांबड्या झ्वॉतीला सहा पोलिश झ्वॉती मोजावे लागत, १७६६ मध्ये पावणेसतरा. दोघांची नावं जवळची, किमती मात्र दर पिढीला लांब जात राहिल्या.

ही घसरण बघणाऱ्यांत एक नामांकित माणूस होता, कोपर्निकस. ग्रहगणितासाठी आपण त्याला ओळखतो, पण नाण्यांवरचा त्याचा निबंधही तितक्याच गांभीर्यानं लिहिलेला आहे. १५२६ मध्ये पुऱ्या केलेल्या त्या निबंधात त्यानं राजाला बजावलं की हिणकस नाणं पाडत राहिलात, तर चांगलं नाणं बाजारातून उठून जाईल. राजानं नाणेपद्धत नीट बसवली, स्वतःचे डुकाटही पाडायला घेतले. पण झ्वॉती हा शब्द काही डुकाटाकडे परत गेला नाही. तो तीस ग्रोशांपाशीच राहिला.

तुम्हाला हे विचित्र वाटत असेल, तर आजोबांच्या गल्ल्यातला रुपया आठवा. ‘रुपया’चं मूळ ‘रूप्य’ म्हणजे चांदी. ब्रिटिशांचा रुपया ११.६६ ग्रॅमचा होता आणि त्यात जवळपास ९२ टक्के चांदी होती. १९४० पासून ती निम्म्यावर आणली आणि १९४७ ला रुपया निव्वळ निकेलचा झाला. कुणी दुकानदारानं ‘हा रुपया नव्हेच’ म्हणून नाकारला नाही. छावणीतल्या त्या बाई १९४३-४४ मध्ये तुमच्या दुकानात जो रुपया टाकत होत्या, त्यात चांदी आठ आणे होती. त्यांच्या ११ ग्रॅमच्या पाच झ्वॉतींच्या नाण्यात बारा आणे. वजनाला दोन्ही जवळपास सारखीच, म्हणजे पोलिश नाण्यात चांदी उलट जास्तच.

आता झ्वॉतीचं नाणं प्रत्यक्षात कधी पडलं? ते १६६३ साली, आणि गाजतवाजत मुळीच नाही. स्वीडनच्या आक्रमणात देश उद्ध्वस्त झाला होता, पूर्वेला रशियाशी युद्ध चालूच होतं, सैन्याचे पगार थकले होते. राजा यान काझिमिएशच्या खजिन्यात पैसा नव्हता. तेव्हा आंद्रेआस तिम्फ नावाच्या जर्मन टाकसाळवाल्यानं तोडगा दिला. तीस ग्रोश दर्शनी किमतीचं चांदीचं नाणं पाडायचं, पण आत चांदी घालायची फक्त बारा-तेरा ग्रोशांची. लोकांनी त्याला नाव ठेवलं तेच, ‘तिम्फ’. १६६६ पर्यंत ते पडत राहिलं.

तिम्फ हातात घेऊन बघण्यासारखं आहे. एका बाजूला मुकुटाखाली राजाच्या लॅटिन नावाची आद्याक्षरं गुंफलेली, आय-सी-आर. दुसऱ्या बाजूला ढाल आणि किंमत, रोमन आकड्यांत तीस ग्रोश. ‘झ्वॉती’ हा शब्द त्यावर नाहीच. आणि कडेनं लॅटिनमध्ये एक ओळ, तिचा भावार्थ असा की राज्य वाचलं हीच या नाण्याची किंमत, आणि ती धातूहून मोठी. सरकारनं नाण्यावरच कबूल केलंय की आत पुरेशी चांदी नाही. इतकं प्रामाणिक हिणकस नाणं मी दुसरं पाहिलेलं नाही. लोकांनी अर्थातच राजाच्या आय-सी-आरचा आपला अर्थ लावला, ‘इनिशियुम कालामितातिस रेग्नी’, राज्याच्या सत्यानाशाची सुरुवात. तिम्फला अखेर देश सोडून पळावं लागलं. पोलिशमध्ये ‘चांगला विनोद एका तिम्फच्या तोलाचा’ अशी म्हण आजही आहे. ती विनोदाची स्तुती आहे की थट्टा, हे तिम्फमधली चांदी ठाऊक असलेल्यानं ठरवावं. नगाची प्रत खराबच असते, टंकन घाईचं, कडा कापलेल्या. तरी संग्राहक आवडीनं घेतात, कारण तीस ग्रोशांचा तो वहीतला झ्वॉती इथं पहिल्यांदा हातात येतो.

म्हणजे पाहा, नाव परक्या सोन्यावरून आलं, मग ते तीस या आकड्याला चिकटलं, आणि त्या आकड्याचं नाणं शेवटी पडलं ते चांदीचं आणि हिणकस. तुमच्या सोनाराला जे खटकलं, ते पोलंडमध्ये साडेतीनशे वर्षांपूर्वी सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढचा काळ भरभर सांगतो. १७६६ मध्ये राजा स्तानिस्वाफ आउगुस्त पोन्यातोव्स्की यानं चलन नीट बसवलं, चांगल्या चांदीचं नाणं पाडलं. १७९४ मध्ये कोश्चुश्को या सेनानीनं केलेल्या उठावात पोलंडची पहिली कागदी नोट निघाली, तीही झ्वॉतींत. त्यानंतर रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी उरलासुरला देशही वाटून घेतला. रशियाच्या ताब्यातल्या भागात काही काळ एकाच नाण्यावर दोन किमती येत, १५ कोपेक आणि १ झ्वॉती. १८४१ पासून तिथं रूबल अधिकृत झाला. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गालित्सियात लोक तर ऑस्ट्रियाच्या गुल्डेनलाच ‘ऱ्हाइनचा झ्वॉती’ म्हणत. राज्य नाही, टाकसाळ नाही, राजा नाही, पण तोंडात नाव तेच. परक्या नाण्याला झ्वॉती म्हणायची सवय चौदाव्या शतकापासूनची, ती एकोणिसाव्यातही मोडली नव्हती.

म्हणूनच १९१८ ला पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला तेव्हा काय झालं, ते मला फार मजेचं वाटतं. चलनात होता ‘पोलिश मार्क’, पहिल्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या भागात सुरू केलेला. नव्या देशाला नवं चलन हवं होतं आणि नाव पुढे आलं ‘लेख’, पोलिश दंतकथेतल्या मूळपुरुषाचं. ऐकायला भारदस्त. पण सेयमनं फेब्रुवारी १९१९ मध्ये झ्वॉतीच्या बाजूनं कौल दिला. त्या तारखेच्या नोटा परदेशात छापूनही झाल्या आणि तशाच पडून राहिल्या, कारण मार्कची घसरण थांबेपर्यंत नवं चलन आणणं म्हणजे तेही त्याच गाळात घालणं. १९२३ मध्ये महागाईनं कहर केला. त्या वर्षाच्या शेवटी पंतप्रधान झालेल्या व्वादिस्वाफ ग्राब्स्कीनं एप्रिल १९२४ मध्ये ‘बांक पोल्स्की’ ही नवी बँक उघडून झ्वॉती चलनात आणला. बदलीचा दर होता एक झ्वॉतीला अठरा लाख मार्क.

ग्राब्स्कीनं एक झ्वॉती ०.२९०३ ग्रॅम शुद्ध सोन्याला बांधला, म्हणजे स्विस फ्रँकच्या बरोबरीला. चारशे वर्षांनी नाव आणि धातू पुन्हा एका वाक्यात आले. १९२५ मध्ये बोलेस्वाफ ख्रोब्री या राजाच्या राज्याभिषेकाला नऊशे वर्षं झाल्याच्या निमित्तानं १० आणि २० झ्वॉतींची सोन्याची नाणीही पाडली. दहाच्या नाण्याचं वजन ३.२२ ग्रॅम, त्यात ९० टक्के सोनं, म्हणजे बरोबर दहा झ्वॉतींचं. सोन्याचा झ्वॉती कधी होता का, असं कुणी विचारलं तर मी या नाण्याकडे बोट दाखवतो. पण तीही नाणी लोकांच्या खिशात फिरली नाहीत. त्या वर्षातच झ्वॉती घसरला आणि १९२७ मध्ये त्याचं सोनं कायद्यानंच ०.१६९ ग्रॅमच्या आसपास आणावं लागलं.

आता तुमच्या नाण्यापाशी आलो. त्याची चांदी या घसरणीचीच खूण आहे. १९२४ चं दोन झ्वॉतींचं चांदीचं नाणं दहा ग्रॅमचं होतं. १९३२ मध्ये नव्यानं पाडलं ते ४.४ ग्रॅमचं, चांदी दोन्हींत ७५ टक्केच. त्याच मालिकेत पाचाचं नाणं ११ ग्रॅमचं आणि दहाचं २२ ग्रॅमचं ठरलं. तुमचं ते पाचाचं. चेहरा आहे यूझेफ पिल्सुद्स्कीचा, स्वतंत्र पोलंडचा सेनानी आणि नंतरचा सर्वेसर्वा. नाव कोरलेलं नाही, कारण तेव्हा पोलंडमध्ये त्या मिशा न ओळखणारा कोणी नसावा. सोनारानं सांगितलेलं ‘बारा आणे’ टाकसाळीच्या ७५ टक्क्यांशी जुळतं. तेवढ्यावर नाणं अस्सल ठरत नाही, पण सुरुवात चांगली आहे.

अस्सल की नक्कल, हे तीन-चार गोष्टींवर ठरेल, आणि त्या मला फोटोवरून सांगता येणार नाहीत. सोनाराच्या काट्यावर वजन करा. अकराच्या जवळ हवं, झिजेनं थोडं कमी आलं तर चालतं, साडेनऊ आलं तर शंका घ्या. व्यास २८ मिलीमीटर. चुंबक लावा, चिकटता कामा नये. पिल्सुद्स्कीच्या नाण्यांच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. त्यांत मिशीचे केस सलग पट्ट्यासारखे दिसतात आणि पार्श्वभूमीवर बारीक खड्डे असतात. भिंगाखाली दोन्ही गोष्टी चटकन कळतात. आणखी एक, १९३४ साली हे नाणं दोन प्रकारांत निघालं. नेहमीच्या प्रकारावर राज्याचा मुकुटधारी गरुड आहे. दुसरा प्रकार पिल्सुद्स्कीच्या सैनिकांनी १९१४ मध्ये कूच केलं त्याच्या विसाव्या वर्षानिमित्त काढला, त्यावर गरुडाची घडण वेगळी आहे. दुसरा प्रकार महाग जातो. तुमच्या वर्णनावरून तुमचा कोणता ते ठरत नाही, गरुडाच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो टाका.

कृपा करून नाणं घासू नका. पितांबरी नको, चिंच नको, टूथपेस्ट तर नकोच. त्यावरचा काळपट थर हाच त्याच्या वयाचा दाखला आहे, आणि तो गेला की संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत मोडीवर येते. सोनारानं कस लावताना कडेला ओरखडा पाडला असेल तर तो झाला, पण पुन्हा लावू देऊ नका.

किमतीचं म्हणाल तर आत शुद्ध चांदी सव्वाआठ ग्रॅम आहे. आजच्या दरानं गुणलं की मोड कळेल, आणि ती फार नाही. त्यावर काय मिळेल ते प्रत, प्रकार आणि गिऱ्हाईक यांवर अवलंबून आहे. साधा प्रकार दुर्मीळ नाही, हेही सांगून ठेवतो. माझं मत विचाराल तर विकू नका. बाजारात हे नाणं म्हणजे अनेकांतलं एक, आणि वळिवड्याची हकिकत सोबत असेल तर घरात ते एकमेव आहे. फक्त ती हकिकत शक्य तितकी पक्की करून, तारखांसकट लिहून ठेवा. आजोबांच्या दुकानाची एखादी वही, एखादं पत्र असेल तर त्याच पाकिटात.

हकिकत पक्की करायला इतिहासाची मदत होते. वळिवड्याची छावणी १९४३ ते १९४८ अशी होती आणि तिथं सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. हे लोक मुख्यतः पूर्व पोलंडचे. १९३९ मध्ये तो भाग सोव्हिएत रशियानं घेतला, १९४०-४१ मध्ये त्यांना सैबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार केलं, आणि सुटका झाल्यावर ते इराणमार्गे भारतात पोचले. त्या भागात सोव्हिएत सरकारनं डिसेंबर १९३९ मध्ये झ्वॉती एका फटक्यात रद्द केला होता. म्हणजे त्या बाईंनी हे नाणं घरातून आणलं असेल, तर निघतानाच ते पैसा म्हणून मेलेलं होतं. मग कशाला आणलं? चांदी म्हणून अडीअडचणीला उपयोगी, किंवा पिल्सुद्स्कीच्या चेहऱ्यासाठी. दोन्ही शक्य आहे, आणि यातलं कोणतं ते नाणं सांगणार नाही.

जाता जाता आजच्या झ्वॉतीबद्दल, कारण तुम्ही ‘ही नाणी तिकडे बँकेत चालतील का’ असंही विचारलं आहे. नाही चालणार. मध्ये दोन मोठ्या उलथापालथी झाल्या. ऑक्टोबर १९५० मध्ये कम्युनिस्ट सरकारनं चलन बदललं. पगार आणि किमती १०० जुन्यांना ३ नवे या दरानं, पण लोकांच्या हातातली रोकड १०० ला १ या दरानं. घरात पैसा ठेवणाऱ्याचे दोन तृतीयांश गेले. त्यानंतर ऐंशीच्या दशकाअखेरच्या महागाईनं झ्वॉती इतका पातळ केला की १९९२ मध्ये वीस लाखांची नोट काढावी लागली. १ जानेवारी १९९५ ला चार शून्यं उडवली, दहा हजार जुन्यांचा एक नवा झ्वॉती. आज पोलंडमध्ये चालतो तो हा. १९९६ ते २०१४ या काळात दोन झ्वॉतींची पिवळीधमक स्मारक नाणी निघाली, कुणी नातेवाईक तिकडून घेऊन आला तर बघाल. त्यांच्या मिश्रधातूचं नावच ‘नॉर्डिक गोल्ड’. त्यात ८९ टक्के तांबं, बाकी अॅल्युमिनियम, जस्त आणि कथील. सोनं शून्य. ती सोन्याची समजून आणणारेही मला भेटतात.

राहिलं तुमचं लहान नाणं, आणि मला खरी उत्सुकता त्याचीच आहे. १९२३ साल असलेलं वीस ग्रोशांचं नाणं दोन धातूंत आढळतं. स्वतंत्र पोलंडनं पाडलं ते निकेलचं. पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याच्या काळात वॉर्सॉच्या टाकसाळीत तेच नाणं, तेच १९२३ साल ठेवून, जस्तात पाडलं. जस्ताचं काळसर-करडं, मळकट होतं, निकेलचं शंभर वर्षांनीही बऱ्यापैकी चकाकतं. तुम्ही ‘करडं’ लिहिलंय म्हणून शंका आली. फ्रिजवर लावायचं चुंबक घ्या. निकेल चिकटतं, जस्त चिकटत नाही. चिकटलं, तर दोन्ही नाणी त्या बाईंबरोबर घरातून निघाली असं मानायला हरकत नाही. नाही चिकटलं, तर ते नाणं जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये पडलेलं आहे, आणि १९४०-४१ मध्ये पूर्वेकडून सैबेरियाला नेलेल्या बाईकडे ते घरून येणं कठीण. मग ते कुणा सैनिकामार्फत, युद्धानंतर आलेल्या टपालातून किंवा भलत्याच वाटेनं आजोबांकडे आलं असेल, आणि घरात सांगितली जाणारी गोष्ट निदान अर्धी तरी पुन्हा तपासावी लागेल. चुंबक लावून काय झालं ते इथंच कळवा, गरुडाच्या फोटोसोबत.